सौदीची ऑफर हातात आली की हो म्हणायच्या आधी काय काय बघायचं

परवा रात्री साडेअकराला मावसभावाचा मेसेज, "दादा ६५०० रियाल म्हणजे किती रे?" आणि खाली पीडीएफ. सौदीतल्या जुबैलची ऑफर, इन्स्ट्रुमेंटेशनची, कंपनी बऱ्यापैकी नावाजलेली. मी स्वतः जुबैलला सहा-सात वर्षं काढलीत, २०१६ च्या शेवटी गेलो आणि २०२३ ला परत आलो, त्यामुळे नात्यातल्या, ओळखीतल्या सगळ्यांच्या सौदीच्या ऑफरी फिरून फिरून माझ्याकडेच येतात. प्रत्येक वेळी तेच सांगतो म्हणून एकदाच लिहून टाकतोय. हे सगळं सौदीबद्दल आहे, दुबईबद्दल नाही, दुबईला राहून आलेल्याचा सल्ला सौदीला लावू नका, दोन्हीकडचे कायदे वेगळे आणि वातावरण पण वेगळं.

पायरी १. आकडा आधी फोडा

रियाल डॉलरला बांधलेला आहे, १९८६ पासून ३.७५ रियाल म्हणजे १ डॉलर, हलत नाही. त्यामुळे आजचा डॉलरचा भाव बघा, ३.७५ ने भागा, झाला रियालचा भाव. हा हिशोब दोन मिनिटांत होतो आणि सगळे इथेच थांबतात, लाखाच्या वरचा आकडा दिसला की डोळ्यासमोर फ्लॅटचा ईएमआय फिटताना दिसायला लागतो.

थांबू नका. ६५०० मध्ये बेसिक किती ते बघा. बहुतेक ठिकाणी बेसिकवर साधारण २५ टक्के घरभाडं आणि १० टक्के येण्याजाण्याचे, मग उरलेले इतर अलाउन्स असं असतं. ओव्हरटाइमचा जादा अर्धा भाग बेसिकवर निघतो, म्हणून बेसिक मुद्दाम लहान ठेवून बाकी फुगवणाऱ्या ऑफरी असतात त्या ओळखा. कंपनी राहायला देणार असेल तर कॅम्प की फ्लॅट, खोलीत किती जण, मेस आहे का, हे विचारायला लाजू नका. मी लाजलो होतो, खोलीत चौघे निघाले.

पगारावर तिथे इन्कम टॅक्स नाही, हे खरं. पण व्हॅट १५ टक्के आहे, २०१८ ला ५ ने सुरू झाला आणि जुलै २०२० ला थेट तिप्पट. आणि फॅमिली नेणार असाल तर खरा फटका पुढे आहे. जुलै २०१७ पासून नोकरदाराच्या घरातल्या प्रत्येक माणसामागे दर महिन्याला फी लागली, आधी १०० रियाल, मग दरवर्षी शंभर शंभर वाढत २०२० ला ४००. म्हणजे बायको आणि दोन पोरं धरली तर ३ गुणिले ४०० गुणिले १२, वर्षाला १४,४०० रियाल, ते पण इकामा (तिथला रहिवासी परवाना) रिन्यू करताना आगाऊ भरायचे. ६५०० पगारवाल्याचे दोन महिने सरळ गेले. आमच्या बिल्डिंगमधली निम्मी कुटुंबं त्या तीन वर्षांत एक्झिट मारून गावी गेली, खाली रोज कुणाच्या तरी सोफ्याला आणि फ्रीजला गिऱ्हाईक शोधणं चालू असायचं. त्यामुळे ही फी कंपनी भरणार की तुम्ही, हे लेखी घ्या. शाळेची फी पण तशीच. जुबैल, दम्माम, रियाध, जेद्दा सगळीकडे सीबीएसईच्या इंडियन स्कूल आहेत, पण कंपनी फी देते का, किती मुलांची, हे ऑफरमध्ये दिसलं पाहिजे.

पायरी २. ऑफर लेटर बाजूला ठेवा, कॉन्ट्रॅक्ट आणि व्हिसा बघा

ऑफर लेटर म्हणजे साखरपुडा, लग्न कॉन्ट्रॅक्टवर लागतं. सौदीत आता कॉन्ट्रॅक्ट किवा नावाच्या सरकारी पोर्टलवर चढवतात आणि ते तुम्ही ऑनलाइन मान्य करायचं असतं. तिथला आकडा आणि पीडीएफमधला आकडा जुळला पाहिजे, भांडण झालं तर पोर्टलवरचं धरतात, एचआरवाल्याने फोनवर सांगितलेलं नाही.

आता माझी गोष्ट. माझा इंटरव्ह्यू टेक्निशियनचा, पगार टेक्निशियनचा, आणि व्हिसावर अरबीत हुद्दा लिहिला होता साधा कामगार. एजंट म्हणाला साहेब तिकडे गेल्यावर बदलतात, फॉर्मॅलिटी आहे. मला अरबी कुठे वाचता येतंय, निघालो. तिथे गेल्यावर कळलं की त्या हुद्द्यावर फॅमिली व्हिसा मिळत नाही. हुद्दा बदलायला चौदा महिने लागले, धाकटी त्या चौदा महिन्यांत चालायला लागली आणि मी ते फोनच्या स्क्रीनवर बघितलं. त्यामुळे व्हिसाची कॉपी आली की अरबी वाचणाऱ्या कुणाकडून तरी हुद्दा वाचून घ्या, फोनचा कॅमेरा पण आता भाषांतर करून देतो. इंजिनियर म्हणून जाणार असाल तर सौदी इंजिनियर कौन्सिलकडे नोंदणी लागते, त्यासाठी डिग्री आणि हुद्दा जुळावा लागतो. नर्स, डॉक्टर, फार्मासिस्ट यांचं सर्टिफिकेट तपासणीचं वेगळं प्रकरण आहे, ते आधीच सुरू करा कारण जुन्या कॉलेजकडून उत्तर यायलाच महिने जातात.

कॉन्ट्रॅक्टमध्ये एवढं तरी शोधा. प्रोबेशन किती, ९० दिवस की १८०. कामाचे तास, कायद्याने दिवसाला ८, आठवड्याला ४८. सुट्टी, कायद्याने वर्षाला निदान २१ दिवस आणि पाच वर्षांनंतर ३०, पण चांगल्या कंपन्या पहिल्यापासून ३० देतात तर मागून बघा. येण्याजाण्याचं तिकीट दरवर्षी की दोन वर्षांनी, आणि फॅमिलीचं पण का. मेडिकल इन्शुरन्स कंपनीने द्यायचाच असतो, घरच्यांचा पण. इकामा, वर्क परमिट यांची फी कंपनीची, तुमच्या पगारातून कापणार असं कुठे लिहिलं असेल तर तिथेच हात वर करा.

आणि सौदी कामगार कायद्याच्या कलम ७७ बद्दल कुणी सांगत नाही. परदेशी माणसाचं कॉन्ट्रॅक्ट ठराविक मुदतीचं असतं, एक किंवा दोन वर्षं. मधेच योग्य कारणाशिवाय तोडलं आणि भरपाईचा वेगळा आकडा लिहिलेला नसेल तर उरलेल्या मुदतीच्या पगाराएवढी भरपाई तोडणाऱ्याने द्यायची, मग ती कंपनी असो की तुम्ही. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांत सोडून पळालात तर हिशोब करा काय होतो. म्हणून भरपाईची ओळ काय म्हणते ते सही करायच्या आधी वाचा. पहिल्यांदा जाणार असाल तर एक वर्षाचं मागा, पटलं तर वाढवता येतं.

शेवटी मिळणारे पैसे, ज्याला तिथे सगळे सर्विस मनी म्हणतात, ते पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार आणि पुढे दर वर्षाला एक महिन्याचा. पण स्वतः राजीनामा दिलात तर दोन वर्षांच्या आत काही नाही, दोन ते पाच वर्षांत फक्त एक तृतीयांश, पाच ते दहात दोन तृतीयांश, दहानंतर पूर्ण. म्हणजे साडेचार वर्षं झालेली असतील तर चिडून राजीनामा देण्याआधी कॉन्ट्रॅक्टची मुदत कधी संपतेय ते बघायचं, मुदत संपवून पुढे वाढवलं नाही तर पूर्ण मिळतो. आमच्या मेसमध्ये ह्या एका हिशोबावर किती रात्री गेल्या असतील.

पायरी ३. एजंट

एजंटचा रजिस्ट्रेशन नंबर भारत सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर टाकून बघा, नसेल तर विषय संपला. सरकारने ठरवलेली जास्तीत जास्त फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी, पावती घेऊनच. दहावी पास नसलेल्यांचा पासपोर्ट ईसीआर (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा) असतो आणि सौदीला जाताना त्यांना एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो, त्यासोबत प्रवासी भारतीय बीमा योजना, दोन वर्षांचे २७५ रुपये आणि १० लाखांचं कव्हर. गावाकडचं कुणी जाणार असेल तर हे त्याला नीट समजावून सांगा, त्याचं क्लिअरन्स चुकवून देतो म्हणणारा एजंट त्याचं भलं करत नाहीये.

दोन शब्द ऐकले की फोन ठेवायचा. एक, "व्हिजिटवर या, तिथे बदलून देतो". दुसरा, "आझाद व्हिसा", म्हणजे कागदावर एकाकडे आणि काम दुसरीकडे कुठेही. आझाद बिझाद काही नसतं, कायद्यात असा व्हिसाच नाही. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर तुमचा व्हिसा असतो तो मालक, रोज पैसे मागतो, आणि त्याने एकदा का तुम्ही कामावर येत नाही असा रिपोर्ट टाकला, ज्याला तिथे हुरूब म्हणतात, की इकामा धोक्यात आणि पकडले गेलात तर डिपोर्टेशन.

कफीलचं भूत आता पूर्वीएवढं राहिलेलं नाही हेही सांगायला हवं. मार्च २०२१ पासून एक वर्षानंतर कंपनी बदलणं आणि एक्झिट री-एंट्री (बाहेर जाऊन परत यायची परवानगी) किंवा फायनल एक्झिट (कायमचं परतायची) स्वतः अबशर या सरकारी ॲपवरून काढणं शक्य झालंय. पण घरकाम करणारे, घरचे ड्रायव्हर, मेंढपाळ, माळी यांना ते लागू नाही. म्हणून "घरातल्या ड्रायव्हरची" ऑफर आणि कंपनीतल्या ड्रायव्हरची ऑफर पगार सारखा असला तरी एक नव्हे. पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणं कायद्यात बसत नाही, तरी मागतात. इकामा दाखवायचा, पासपोर्ट स्वतःकडे.

पायरी ४. घरात बसून बोला, मोबाइल बाजूला ठेवून

हे बोलणं लोक टाळतात. नवरा ठरवतो आणि बायकोला तिकीट काढल्यावर सांगतो, आमच्याकडे पण जवळपास तसंच झालं, आणि त्याचे टोमणे मी अजून ऐकतो.

फॅमिलीशिवाय राहणाऱ्याला तिथे बॅचलर म्हणतात, लग्न झालेलं असलं तरी. बऱ्याच बिल्डिंग फक्त फॅमिलीसाठी असतात. लग्न न झालेल्या जोडीदाराला नेता येत नाही, लग्नाबाहेरचे संबंध आणि समलैंगिक संबंध दोन्ही तिथे गुन्हा आहेत, ज्यांच्या आयुष्याचा हा भाग आहे त्यांनी ते लपवून दोन वर्षं काढता येतील का हा विचार पगाराच्या आधी करावा.

बायकांसाठी बरंच बदललंय. माझी बायको फेब्रुवारी २०१८ ला आली तेव्हा दुकानात जायला पण मी लागायचो, आणि चारच महिन्यांनी, जूनमध्ये, बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली. इकडे सांगलीत स्कूटीवर अख्खं गाव फिरणारी बाई, तिला तोपर्यंत मागच्या सीटवर बसून माझी ड्युटी संपायची वाट बघायला लागायची. सुरुवातीला ती काळा अबाया घालूनच बाहेर पडायची, आता परदेशी बायकांवर सक्ती नाही पण खांदे आणि गुडघे झाकलेले सैल कपडे हवेत, पुरुषांनी पण हाफ पँटवर सरकारी ऑफिसात जाऊ नये. सिनेमा थिएटर एप्रिल २०१८ ला परत उघडली, रेस्टॉरंटची बॅचलर आणि फॅमिली अशी दोन दारं असण्याची सक्ती २०१९ च्या डिसेंबरात गेली. पण डिपेंडंट म्हणून आलेल्या बायकोला सरळ नोकरी धरता येत नाही, वेगळी परवानगी लागते. शिकलेली, इथे पगार मिळवणारी बाई दिवसभर फ्लॅटमध्ये, बाहेर ४५ डिग्री, मैत्रीण शेजारच्या मजल्यावर मिळाली तर मिळाली. हे आधी बोला. आमची तिसऱ्या मजल्यावरच्या केरळी बाईंशी गट्टी जमली म्हणून निभावलं.

पायरी ५. तिथलं रोजचं जगणं पटणार आहे का

शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी कामाचा आठवडा सुरू. हे सवयीचं व्हायला महिना लागतो, घरून रविवारी निवांत व्हिडिओ कॉल येतो तेव्हा तुम्ही प्लांटमध्ये असता. दिवसात पाच वेळा अजान, पूर्वी नमाजाला दुकानं शटर ओढायची आणि तुम्ही ट्रॉली घेऊन आत किंवा बाहेर अडकायचात, २०२१ पासून उघडी ठेवता येतात, काही अजून बंद करतात. रमजानमध्ये दिवसा बाहेर खाणं, पाणी, सिगरेट काही नाही, मुसलमान कामगारांचे तास ६ होतात, तुमचे होतीलच असं नाही. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उघड्यावर उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे, साइटवर असाल तर हे माहीत असू द्या. जुबैलला ऊन परवडलं पण समुद्राची दमट हवा नको असं होतं, सकाळी सहाला चष्म्यावर वाफ धरते.

आता धर्माचं. मुसलमान वाचकांना हा भाग सोपा जाईल, उमरा या मक्केच्या यात्रेची ओढ पण असते, बाकीच्यांनी नीट वाचा. सार्वजनिक जागी दुसऱ्या धर्माची पूजा, देऊळ, चर्च नाही. घराच्या आत तुम्ही काय करता ते सहसा कुणी विचारत नाही, आमच्याकडे किचनच्या कपाटात छोटा देव्हारा होता, गणपतीला शाडूचा बोटभर गणपती घरीच करायचो आणि बादलीत विसर्जन, आरती टाळ्या न वाजवता. पोरांना ते खेळच वाटायचा. मोठ्या मूर्ती, वाटायला धार्मिक पुस्तकं नेऊ नका. मक्केत मुसलमान नसलेल्यांना प्रवेश नाही, हायवेवर तशा पाट्या आहेत. आणि एक कटू गोष्ट, तिथे दहन होत नाही. हिंदू माणूस गेला तर बॉडी भारतात पाठवावी लागते, त्याचा खर्च कुणाचा हेही कॉन्ट्रॅक्टमध्ये बघावं, म्हाताऱ्या आईवडिलांना नेणाऱ्यांनी तर नक्कीच.

सगळ्यात जास्त माणसं मोबाइलमुळे अडकतात. धर्मावर, राजघराण्यावर, सरकारवर काहीही पोस्ट, फॉरवर्ड, शेअर नाही. गावच्या ग्रुपवर दिवसभर जे काही फिरत असतं त्यातलं एक फॉरवर्ड तिकडून तुमच्या नंबरवरून गेलं तर नोकरी जाणं ही त्यातल्या त्यात स्वस्त शिक्षा. मी निघताना तीन ग्रुप सोडले, काकांना राग आला, येऊ दे. प्लांट, पोलीस, सरकारी इमारती आणि अनोळखी बायका यांचे फोटो नाही.

दारू आपल्यासारख्यांना पूर्ण बंद. चोरून गाळलेली मिळते असं कुणीतरी पहिल्या आठवड्यातच येऊन सांगेल, त्या वाटेला जाऊ नका. पूर्वेकडे असाल तर बहरीन जवळ आहे, समुद्रावरचा २५ किलोमीटरचा पूल, १९८६ पासूनचा. बरेच जण वीकेंडला जातात, कुणी कशाला कुणी कशाला, आम्ही मनामाच्या श्रीनाथजींच्या देवळात, दोनशे वर्षांचं जुनं आहे ते, पहिल्यांदा घंटा ऐकली तेव्हा बायकोच्या डोळ्यात पाणी आलं. बहरीनचा व्हिसा आणि सौदीचा परत यायचा री-एंट्री दोन्ही चेक करून जायचं.

हे सगळं वाचून वाटेल नुसती भीतीच. तसं नाही. माझा सौदी शिफ्ट इन्चार्ज रोज स्वतःच्या थर्मासातला गहवा (अरबी कॉफी) आणि खजूर आधी मला द्यायचा, मग स्वतः घ्यायचा. आणि खेडकडचे एक चाचा, तीस वर्षं तिथे मेस चालवणारे, मला पहिल्या दिवशी शुद्ध कोकणी ठसक्यात म्हणाले, "गाववाले, पगार नंतर विचारा, आधी इकाम्यावर काय लिवलाय ता दाखवा". तेव्हा कळलं माझा हुद्दा चुकलाय ते.

पायरी ६. क्रम चुकवू नका

इथली नोकरी कधी सोडायची? व्हिसा प्रत्यक्ष हातात आल्यावर. त्याआधी नाही, एचआर कितीही घाई करू दे. कारण मधे मेडिकल आहे, वाफिदच्या (आखाती देशांच्या मेडिकल तपासणीची व्यवस्था) पॅनलवरच्या सेंटरमध्ये, टीबीचा जुना डाग, हिपॅटायटिस बी किंवा सी, एचआयव्ही यांवर अनफिट करतात. राजीनामा देऊन बसलेला आणि एक्स-रेमध्ये लहानपणीचा डाग निघालेला माणूस मी बघितलाय. शंका असेल तर आधी स्वतःच्या पैशाने एक्स-रे काढून बघा.

डिग्री, लग्नाचं आणि मुलांच्या जन्माचं सर्टिफिकेट यांचं अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) करून ठेवा, सौदी डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल मानतं. सगळ्यांची नावं पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळली पाहिजेत, आपल्याकडे लग्नानंतरचं नाव, वडिलांचं नाव मधे, यात हमखास घोळ असतो.

टॅक्ससाठी एक टीप. त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात तर एनआरआय धरतात, म्हणजे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत निघालात तर बरं, नंतर सुट्टीला आलेले दिवस पण मोजायचे. बँकेत सांगून एनआरई, म्हणजे एनआरआय लोकांसाठीचं, खातं उघडा, सेव्हिंग तसंच चालू ठेवू नका.

पायरी ७. बॅग

आईने भरलेली बॅग विमानतळावर नाही, घरीच उपसा. खसखस तिथे अमली पदार्थात धरतात, आणि आपल्याकडे ती कशात नसते ते सांगा, गोडा मसाला, अनारसे, लाडू, करंजीचं सारण. माझ्या आईने दिवाळीनंतर डबाभर अनारसे दिले होते, वरून चांगली पसरून लावलेली खसखस. मुंबईला चेक-इनच्या रांगेत मागच्या भायने ओळखलं, म्हणाला हे इथेच संपवा. आम्ही दोघांनी आणि एका लोडरने उभ्या उभ्या संपवले. औषधांचं तसंच, ट्रॅमाडॉल, प्रेगाबॅलिन, कोडीनवालं कफ सिरप चालत नाही, बाकी औषधांसोबत डॉक्टरची चिठ्ठी.

पोचल्यावर इकामा ९० दिवसांच्या आत निघाला पाहिजे, मागे लागा, "इन्शाल्ला बुकरा" (देवाने केलं तर उद्या) म्हणजे खरंच उद्या नव्हे हे पहिल्या आठवड्यात कळेलच. सिम, अबशर, बँक खातं, किवावर कॉन्ट्रॅक्ट बघणं, आणि सगळ्या कागदांचे फोटो घरी पाठवून ठेवणं. पगार अडकला किंवा काही फसलं तर भारत सरकारच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकता येते, रियाधला आपली एम्बसी आणि जेद्दाला कॉन्सुलेट आहे, जुबैल-दम्मामवाल्यांसाठी रियाध.

मावसभावाने एचआरला चार प्रश्न पाठवलेत, बेसिक किती, व्हिसावर हुद्दा काय, फॅमिलीची फी कुणाची आणि कलम ७७ चा आकडा. तीन दिवस झाले, उत्तर नाही. राजीनामा मात्र त्याने अजून टाइप पण केलेला नाही.